कोंडी कुठे आहे? खेळांच्या संगणकाचा काटकसरी इतिहास

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या एका शिक्षक मित्राचा मुलगा आमच्याकडे आला. बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. दोन वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने अठरा हजार रुपये साठवले होते आणि त्या पैशांतून घरच्या जुन्या संगणकावर नवे खेळ नीट चालतील अशी काही सुधारणा त्याला करायची होती. तीन दुकानांतून आणलेली दरपत्रके त्याने टेबलावर ठेवली आणि विचारले, "काका, यातलं कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?"

आम्ही त्यालाच उलट विचारले, "सध्या अडतंय कुठे?"

"गेम मध्येच अडकतो."

"ते कळलं. पण अडकतो तेव्हा आतमध्ये कोण कोणाची वाट पाहत थांबलेलं असतं?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. त्यात त्याचा दोष नाही. दुकानात, जाहिरातीत आणि मित्रांच्या गप्पांत प्रत्येक भागाची फुशारकी ऐकू येते. पण सगळे भाग मिळून काम करताना खोळंबा कोणामुळे होतो, हे कोणी सांगत नाही. हा प्रश्न मात्र जुना आहे. खेळांच्या संगणकाचा गेल्या चार-पाच दशकांचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे असे म्हणता येईल. थोड्या पैशांत जास्तीत जास्त वेग हवा असलेल्या लोकांनी वेळोवेळी कोंडी शोधली, ती फोडली आणि मग ती दुसरीकडेच जाऊन बसलेली पाहिली. हा प्रवास आपण थोडक्यात पाहू या. शेवटी त्या मुलाच्या अठरा हजारांकडे परत येऊच.

रिकाम्या खाचा

भाग बदलायचा, तर तो बदलता येण्याजोगा असला पाहिजे. १९७७ साली आलेल्या 'ॲपल-२' या संगणकात स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी जादा कार्डे बसवण्यासाठी आठ खाचा ठेवल्या होत्या. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला, तेव्हा त्यात अशा पाच खाचा होत्या. शिवाय या संगणकाची तांत्रिक माहिती, विद्युतमंडलांच्या आकृत्यांसह, कंपनीने पुस्तकरूपाने विक्रीला ठेवली. त्यामुळे कोणत्याही तिसऱ्या कंपनीला या खाचांत बसणारी कार्डे बनवता आली.

त्या संगणकाच्या मुख्य पाटीवर प्रोसेसरशेजारी आणखी एक रिकामी जागा होती. इंटेलची '८०८७' नावाची चिप तेथे बसवता येई. मूळ '८०८८' प्रोसेसर पूर्णांकांची गणिते करी. अपूर्णांकांची गणिते त्याला अनेक पायऱ्यांनी, हळूहळू करावी लागत. '८०८७' हे काम स्वतःकडे घेई. ज्याला अभियांत्रिकी आकडेमोड करायची असेल त्याने ती चिप विकत घ्यावी, ज्याला पत्रे टंकित करायची असतील त्याने ती जागा रिकामी ठेवावी. 'सुधारणा कामाप्रमाणे करावी' हे तत्त्व त्या रिकाम्या जागेतच होते.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात अनेक घरांत आलेला पहिला संगणक हा सुटे भाग आणून जोडलेला, म्हणजे 'असेंबल्ड' असे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस या बाजारांत हातात यादी घेऊन फिरणारी मंडळी आमच्या पिढीला चांगली आठवतात. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि त्यातील वस्तूंवरचे आयातशुल्क पुढे टप्प्याटप्प्याने उतरत गेले. तोवर प्रत्येक सुटा भाग खिशाला जड जाई. 'आत्ता एवढं घेऊ, मेमरी पुढच्या दिवाळीला वाढवू' हे वाक्य तेव्हा घरोघरी ऐकू येई.

मधल्या सुट्टीचे गणित

पुढे जाण्यापूर्वी एक साधे गणित करू या. शाळेत मधल्या सुट्टीत आधी सर्व मुलांनी हात धुवायचे आणि मग सर्वांना पोषण आहार वाढायचा, अशी पद्धत आहे असे धरू. नळ थोडे असल्यामुळे हात धुण्यात ३० मिनिटे जातात आणि वाढपाला १० मिनिटे लागतात. एकूण ४० मिनिटे.

मुख्याध्यापकांनी वाढपी दुप्पट केले, तर वाढप ५ मिनिटांत होईल आणि एकूण वेळ ३५ मिनिटे होईल. त्याऐवजी नळ दुप्पट केले, तर एकूण वेळ २५ मिनिटे होईल. वाढपी कितीही वाढवले, अगदी प्रत्येक मुलामागे एक वाढपी उभा केला, तरी ३० मिनिटांच्या खाली येणे शक्य नाही.

आयबीएममधील संगणक-रचनाकार जीन ॲम्डाल यांनी १९६७ साली एका परिषदेत संगणकाबद्दल हाच मुद्दा मांडला. पुढे तो 'ॲम्डालचा नियम' म्हणून प्रसिद्ध झाला. कामाचा एखादा हिस्सा कितीही वेगवान केला, तरी एकूण कामाला होणारा फायदा तो हिस्सा मुळात किती वेळ खात होता यावरच अवलंबून असतो. ऐकायला ही गोष्ट अगदी उघड वाटते. पण पैसे खर्च करताना ती जितक्या सहज विसरली जाते, तितकी दुसरी कोणतीही नसेल. आम्हीही ती विसरलो होतो. ते पुढे सांगू.

फुकटातली सुधारणा

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील 'इड सॉफ्टवेअर' या छोट्या कंपनीने 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला. खेळणारा अंधाऱ्या दालनांतून धावतो आणि समोरचे दृश्य त्याच्या चालीबरोबर बदलते. चित्रपटाप्रमाणेच येथेही एकामागून एक स्थिरचित्रे पडद्यावर उमटतात. फरक इतकाच, की येथे प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्याने काढावे लागते. या प्रत्येक चित्राला आपण 'चौकट' म्हणू.

'डूम'ची चौकट ३२० गुणिले २००, म्हणजे ६४,००० बिंदूंची असे आणि सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चौकटी काढल्या जात. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ लाख बिंदू. त्या काळच्या ३३ मेगाहर्ट्झच्या '३८६' प्रोसेसरला सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोके मिळत. भागाकार केला, तर एका बिंदूच्या वाट्याला जेमतेम १५ ठोके येतात. त्यातच भिंतीचे चित्र, प्रकाश, अंतर आणि खेळातील इतर सगळा हिशेब उरकायचा. '३८६' या कसोटीला पुरा उतरत नसे आणि खेळ खराखुरा सुरळीत चालायला '४८६' लागे. तरीही त्या काळच्या सामान्य संगणकावर असा खेळ चालला, हेच तेव्हा आश्चर्य मानले गेले.

हे जमले ते एका गणिती युक्तीमुळे. कोणती भिंत पुढे आणि कोणती मागे, हे दर चौकटीला नव्याने ठरवण्यात फार वेळ जातो. हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर यांनी १९८० साली एक पद्धत सुचवली होती. संपूर्ण जागा एका रेषेने दोन भागांत विभागायची, प्रत्येक भाग पुन्हा दोन भागांत, असे करत एक वृक्ष तयार करायचा. हा वृक्ष आधीच तयार असला, की खेळणारा कोठेही उभा असो, भिंतींचा क्रम झटपट मिळतो. 'डूम'चे प्रमुख आज्ञावलीकार जॉन कार्मॅक यांनी ही पद्धत वापरली. वेळखाऊ काम खेळ तयार करतानाच एकदा करून ठेवले. खेळणाऱ्याच्या संगणकाला फक्त उत्तर वाचायचे काम उरले. एक पैचाही नवा भाग न घेता झालेली ही सुधारणा होती. आपल्या शाळेत किंवा प्रयोगशाळेत एखादा संगणक 'मंद' ठरवण्यापूर्वी हे उदाहरण जरूर आठवावे.

आकडा मोठा, खेळ संथ

जून १९९६ मध्ये याच कंपनीचा 'क्वेक' आला. हे जग खऱ्या अर्थाने त्रिमितीय होते. दूर जाणाऱ्या भिंतीवरचे चित्र योग्य प्रमाणात लहान दिसावे यासाठी भागाकार करावा लागतो, आणि भागाकार हे प्रोसेसरसाठी सर्वांत मंद गणितांपैकी एक. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये अपूर्णांकांचे गणित करणारा विभाग वेगवान होता आणि त्याचा भागाकार चालू असताना दुसरा विभाग पूर्णांकांची कामे करत राहू शके. कार्मॅक आणि मायकेल अब्रॅश यांनी याचा पुरेपूर उपयोग केला. दर सोळा बिंदूंमागे एक भागाकार करायचा आणि तो होईपर्यंत मधले बिंदू रंगवून टाकायचे, अशी त्यांची योजना होती.

त्याच सुमारास सायरिक्स कंपनीचा '६x८६' हा प्रोसेसर बाजारात होता. तो पेंटियमपेक्षा स्वस्त होता. त्याच्या 'पी२००+' या नमुन्याचा प्रत्यक्ष वेग १५० मेगाहर्ट्झ असला, तरी कार्यालयीन कामांत तो २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या बरोबरीचा ठरे. म्हणूनच नावात २०० हा आकडा होता. हा दावा खोटा नव्हता. पत्रे, तक्ते, जमाखर्च ही पूर्णांकांची कामे तो खरोखर चपळाईने करी. पण त्याचा अपूर्णांकांचा विभाग दुबळा होता आणि 'क्वेक' नेमका त्याच विभागावर उभा होता. स्वस्तात २०० चा प्रोसेसर मिळाला म्हणून आनंदलेल्या अनेकांना खेळ मात्र संथ चालताना दिसला.

येथे शिकण्यासारखी गोष्ट अशी, की 'वेग' हा एकच आकडा नसतो. कोणत्या कामाचा वेग, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. विद्यार्थ्यांना सरासरी शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडावे.

दोघांत वाटलेले काम

१९९६ मध्येच 'थ्रीडीएफएक्स' या कंपनीच्या 'व्हूडू' चिपांवर आधारलेली कार्डे आली. हे कार्ड फक्त त्रिमितीय चित्रे रंगवी. पडद्यावरची रोजची अक्षरे दाखवायला जुने कार्ड तसेच ठेवावे लागे आणि दोन्ही कार्डे बाहेरून एका तारेने जोडावी लागत. त्यावर ४ मेगाबाइट मेमरी होती. त्या वर्षी मेमरीचे भाव कोसळले, म्हणूनच असे कार्ड घरगुती ग्राहकाला परवडेल अशा किमतीत विकता आले.

याचे गणित पाहू. ६४० गुणिले ४८० ची चौकट ३,०७,२०० बिंदूंची. सेकंदाला ३० चौकटी म्हटल्या, तर सुमारे ९२ लाख बिंदू. एकामागे एक असलेल्या वस्तूंमुळे प्रत्येक बिंदू सरासरी तीनदा रंगवावा लागला असे धरले, तर सुमारे २ कोटी ७६ लाख. व्हूडू ५० मेगाहर्ट्झवर चाले आणि दर ठोक्याला एक बिंदू रंगवी, म्हणजे जास्तीत जास्त ५ कोटी. हे काम तिच्या आवाक्यातले होते. प्रोसेसरपेक्षा कितीतरी कमी मेगाहर्ट्झची ही चिप त्याला मागे टाकी, कारण ती एकच काम करण्यासाठी घडवलेली होती.

आता काम दोघांत वाटले गेले. पुढची चौकट कशी असेल हे प्रोसेसर ठरवतो आणि त्याच वेळी कार्ड आधीची चौकट रंगवत असते. मधल्या सुट्टीच्या उदाहरणाहून ही स्थिती थोडी वेगळी आहे, कारण दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. अशा वेळी जो मंद, त्याचाच वेग सर्वांचा वेग ठरतो. समजा प्रोसेसरला एका चौकटीमागे २० सहस्रांश सेकंद लागतात आणि कार्डाला १२. तर सेकंदाला ५० चौकटी मिळतील. आता दुप्पट वेगाचे, ६ सहस्रांश सेकंदांत काम उरकणारे महाग कार्ड आणले, तरी चौकटी किती? पन्नासच! नवे कार्ड फक्त जास्त वेळ रिकामे बसेल.

तीनशेचा साडेचारशे

१९९८ चे उदाहरण काटकसरी लोकांत आजही आठवले जाते. त्या वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने 'सेलेरॉन' हा स्वस्त प्रोसेसर आणला. किंमत उतरवण्यासाठी त्यातून दुय्यम कॅशे मेमरी पूर्णपणे वगळली होती. कॅशे म्हणजे काय? शिक्षकाच्या टेबलावर ठेवलेली पाच-सात पुस्तके. लागेल तेव्हा हात लांबवला की मिळतात. टेबल काढून टाकले, तर प्रत्येक संदर्भासाठी ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत जावे लागेल. पहिल्या सेलेरॉनचे तसेच झाले आणि त्यावर भरपूर टीका झाली. प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढत आहे आणि लवकरच मेमरी ही भिंत बनेल, असा इशारा व्हर्जिनिया विद्यापीठातील वुल्फ आणि मॅकी यांनी १९९५ सालीच दिला होता.

ऑगस्टमध्ये 'सेलेरॉन ३००ए' आला. यात १२८ किलोबाइट कॅशे होती, पण ती प्रोसेसरच्याच चिपवर आणि प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी. त्याच महिन्यात आलेल्या 'पेंटियम-२' च्या ४५० मेगाहर्ट्झच्या नमुन्यात ५१२ किलोबाइट कॅशे होती, पण ती वेगळ्या चिपांवर आणि निम्म्या वेगाची. एकीकडे लहान पण हाताशी असलेले टेबल, दुसरीकडे मोठे पण खोलीच्या दुसऱ्या टोकाचे. घाऊक बाजारात सेलेरॉनची किंमत १४९ डॉलर होती आणि पेंटियमची ६६९.

सेलेरॉनचा ३०० हा आकडा ६६ मेगाहर्ट्झचा मूळ ठोका आणि साडेचार हा गुणक यांतून आलेला होता. गुणक कंपनीने पक्का केलेला होता. पण मूळ ठोका मुख्य पाटीवर ठरे. तो १०० केला, की गुणाकार ४५० येई. आणि बहुसंख्य चिपा या वेगाला व्यवस्थित चालत! कमी किमतीचा शिक्का बसलेली चिप खरोखरच कमी दर्जाची असेल असे नव्हते. बाजाराला स्वस्त चिपा हव्या होत्या, म्हणून तो शिक्का होता. अर्थात यात हमी रद्द होई, उष्णता वाढे आणि प्रत्येक चिप साथ देईलच असे नसे. हा मार्ग आम्ही कोणाला सुचवत नाही. पण किमतीचा आकडा आणि क्षमतेचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून हजारो तरुणांना स्वतः मोजून कळले.

ठोक्यांची धाव मात्र फार काळ चालली नाही. चिपमध्ये खर्च होणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ आणण्याचा बेत सोडून दिला. त्यानंतर एका प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ गाभे बसवले जाऊ लागले. पण खेळाचे काम आठ गाभ्यांत नीट वाटता आले नाही, तर आठांतील पाच नुसते बसून राहतात. ॲम्डाल पुन्हा समोर उभे!

खेळण्याकडून प्रयोगशाळेकडे

बिंदू रंगवण्याचे काम मात्र वेगळे आहे. एका बिंदूचा रंग ठरवायला शेजारच्या बिंदूची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे हजारो बिंदू एकाच वेळी रंगवता येतात. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' हे कार्ड आणताना त्याला 'जीपीयू' असे नाव दिले. २००१ पासून या चिपांना छोट्या आज्ञावली देता येऊ लागल्या. मग काही संशोधकांच्या मनात आले, की बिंदूंच्या रंगांऐवजी आपली गणिते दिली तर? २००४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात इयन बक व सहकाऱ्यांनी त्यासाठी 'ब्रूक' ही भाषा या चिपांवर आणली. २००७ साली एनव्हिडियाची 'कुडा' ही प्रणाली सर्वांना खुली झाली.

२०१२ साली टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखणारे एक जाळे शिकवून तयार केले. त्यासाठी त्यांनी वापरली खेळांसाठी विकली जाणारी दोन 'जीटीएक्स ५८०' कार्डे, प्रत्येकी ३ गिगाबाइट मेमरीची. सुमारे १२ लाख चित्रांवर हे शिक्षण पाच ते सहा दिवस चालले. जाळे एका कार्डाच्या मेमरीत मावेना, म्हणून ते दोन कार्डांत वाटावे लागले. म्हणजे येथेही कोंडी वेगाची नव्हती, जागेची होती आणि ती ओळखूनच त्यांनी रचना केली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात अनेकजण या कामापासून मोजतात.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाकडे मार्चअखेर थोडा निधी उरला होता. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या लाखो लहान चित्रांचे विश्लेषण करायला आमच्या संगणकाला रोज दहा तास लागत. एका विद्यार्थिनीचा प्रबंध त्यावर अडून होता. आम्ही लाखाहून अधिक रुपये खर्चून दुप्पट क्षमतेचा प्रोसेसर आणि त्याला जुळणारी पाटी घेतली. दहा तासांचे झाले साडेआठ तास! मग त्या विद्यार्थिनीने एक दिवस बसून नोंदी घेतल्या. दहांपैकी सात तास चकतीवरून चित्रे वाचण्यातच जात होते. गणिताला फक्त तीन तास लागत होते, त्यांचे दीड झाले होते.

कारण सोपे होते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीचा एक फेरा ८.३ सहस्रांश सेकंदांत होतो. हवी ती जागा वाचकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय वाचक योग्य वर्तुळावर सरकवायला वेळ लागतो. मिळून १२ सहस्रांश सेकंद धरले, तर तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ३ कोटी ६० लाख ठोके वाया जातात. चित्रे लाखो, म्हणजे खोळंबेही लाखो. काही हजारांची फिरती चकती नसलेली साठवण, म्हणजे एसएसडी बसवली आणि वाचनाचे सात तास पाऊण तासावर आले. जे काम आधी करायला हवे होते ते आम्ही नंतर केले. निधीचे सोडा, त्या विद्यार्थिनीचे दोन महिने आम्ही घालवले, याची रुखरुख राहिली.

अठरा हजारांचे काय झाले?

आता त्या मुलाकडे येऊ. आम्ही तिघे, तो, त्याचे वडील आणि आम्ही, त्याच्या घरी बसलो. त्याचा नेहमीचा खेळ सुरू केला आणि दोन साध्या चाचण्या घेतल्या.

पहिली चाचणी अशी. चौकटीतील बिंदूंची संख्या कमी केली, की कार्डाचे काम हलके होते, पण प्रोसेसरचे काम जवळजवळ तेवढेच राहते. १९२० गुणिले १०८० ची चौकट २०,७३,६०० बिंदूंची. १२८० गुणिले ७२० ची ९,२१,६०० बिंदूंची, म्हणजे निम्म्याहूनही कमी. कार्डामुळे अडत असेल, तर आता खेळ बराच सुधारला पाहिजे. तसे झाले नाही. मधले अडकणे जसेच्या तसे होते. तीनही दरपत्रके बाजूला ठेवावी लागली.

दुसरी चाचणी निरीक्षणाची. मेमरी, साठवण आणि प्रोसेसर किती व्यग्र आहेत हे दाखवणारा तक्ता संगणकातच असतो. खेळ अडके त्या क्षणी मेमरी भरलेली आणि चकती पूर्ण व्यग्र दिसे. मेमरीत न मावणारा मजकूर संगणक चकतीवर नेऊन ठेवत होता आणि लागला की परत आणत होता. पेटी उघडून पाहिली, तर मेमरीच्या दोन जोडखाचांपैकी एकीतच ८ गिगाबाइटची पट्टी होती. दुसरी पट्टी बसवली असती, तर जागा दुप्पट झाली असतीच, शिवाय प्रोसेसरकडे येणारे मार्गही एकाचे दोन झाले असते.

तशीच आणखी एक पट्टी आणि एक एसएसडी, दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत आले. पेटीतील धूळ झाडली, पंखा साफ केला. त्याला काहीच खर्च नव्हता. खेळ सुरळीत चालू लागला. उरलेले तेरा हजार मुलाने बँकेत ठेवले. त्याने निवडलेले महागडे कार्ड घेतले असते, तर जुना वीजपुरवठा-संच बहुधा अपुरा पडला असता आणि तोही बदलावा लागला असता. हा भाग कोणी हौसेने घेत नाही, पण सगळ्या पेटीचा भार त्याच्यावर असतो.

आमच्या मित्राने पुढे हीच पद्धत शाळेच्या संगणक कक्षात वापरली. बारा संगणक मोडीत काढायचा ठराव समितीपुढे होता. आठवी-नववीच्या मुलांकडून त्यांनी प्रत्येक संगणकाच्या नोंदी करवून घेतल्या: सुरू व्हायला किती सेकंद, कार्यक्रम उघडायला किती, त्या वेळी मेमरी किती भरलेली. बारांपैकी नऊ संगणक थोड्या खर्चात कामाला लागले. मुलांना मोजमाप, सरासरी आणि आलेख यांचा पाठ मिळाला तो वेगळाच. हा उपक्रम कोणत्याही शाळेत करता येईल. मात्र नियम एकच ठेवावा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलापूर्वी व बदलानंतर मोजायचे.

एक सूचना केली पाहिजे. 'मेमरी आणि एसएसडी घ्या' हा या लेखाचा निष्कर्ष नाही. दुसऱ्या एखाद्या संगणकात कोंडी खरोखरच कार्डात असेल. शिवाय बाजारही बदलतो. २०२० नंतर दोन वर्षे महामारी आणि आभासी चलनाचे खाणकाम यांमुळे ग्राफिक्स कार्डे मूळ किमतीला मिळेनाशी झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये 'इथेरियम'ने आपली पद्धत बदलली आणि ते खाणकाम थांबले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले. ज्या मेमरीच्या स्वस्ताईमुळे १९९६ साली व्हूडू कार्ड घरात आले, तीच मेमरी आता खेळणाऱ्याला महाग झाली, आणि तीही खेळांच्या कार्डांतूनच वाढलेल्या एका विद्येमुळे! त्या मुलाला २०२३ साली पाच हजारांत जे जमले, ते दुसऱ्या वर्षी तेवढ्यात जमेलच असे नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी 'कोणता भाग घेऊ?' असे विचारले, तर त्यांना एखाद्या भागाचे नाव सांगू नये. खेळ सुरू करायला सांगावा, तक्ता उघडायला सांगावा आणि वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसावे.